नऊ भावंडांचे बारसे

रात्रीची वेळ आहे. तुम्ही गल्लीतून एकटेच घरी निघाला आहात आणि वळणावर एक कुत्रे एकदम अंगावर धावून येते. पुढच्या दोन क्षणांत काय होते ते आठवून बघा. छातीत धडधड सुरू होते. चेहरा पांढराफटक पडतो. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, श्वासनळ्या रुंद होतात, आतडी हातातले काम टाकून स्वस्थ बसतात, आणि पायांच्या स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो. कुत्रे भुंकून निघून जाते. तुमची धडधड मात्र घरी पोचेपर्यंत थांबत नाही.

हा सगळा खेळ मुख्यतः दोन सख्ख्या द्रव्यांचा. एक ॲड्रेनलीन, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून रक्तात उतरणारे. दुसरे नॉरॲड्रेनलीन, मज्जातंतूंच्या टोकांतून झिरपणारे. पण मौज अशी की ॲड्रेनलीन त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते आणि स्नायूंच्या सैल करते. हृदयाला चाबूक मारते आणि आतड्यांना थोपटून निजवते. एकच द्रव्य, एकाच रक्तातून सगळीकडे गेलेले. मग एका घरी भांडण आणि दुसऱ्या घरी सलोखा, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पेशींच्या आवरणात बसलेल्या काही प्रथिनांचे एक कुटुंब. त्यांची नावे कशी पडली, कशी चुकली आणि कशी सुधारली, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. नावांचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण या नावांत गफलत झाली तर दम्याच्या रोग्याचा श्वास कोंडू शकतो. ते कसे, ते ओघाने येईलच.

आधी आपल्या भाषेतल्या नावाचा निकाल लावू. इंग्रजीत या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात. मराठीत कोणी 'ग्राहक' म्हणतात, पण ग्राहक म्हटले की पिशवी घेऊन दुकानापुढे उभा राहिलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. म्हणून मी 'ग्राही' हा शब्द वापरतो. बाहेरून आलेले द्रव्य धरून ठेवायचे आणि त्याचा निरोप पेशीच्या आत पोचवायचा, एवढे ग्राहीचे काम. दारावर टपाल घेणाऱ्या माणसासारखे. फरक एवढाच की हा माणूस पत्र आत नेत नाही. पत्र बाहेरच धरतो आणि आतल्यांना खूण करतो.

केंब्रिजचे प्राध्यापक जॉन लँगली यांनी 1905 साली ही कल्पना स्पष्ट शब्दांत मांडली. ते कोंबड्याच्या स्नायूवर निकोटिनचा प्रयोग करीत होते. निकोटिनने स्नायू आखडे, आणि क्युरारे नावाचे विष दिले की तो परिणाम नाहीसा होई. मज्जातंतू मरून गेल्यावरही हेच घडे. तेव्हा लँगली म्हणाले, स्नायूतच असे काही द्रव्य असले पाहिजे की ज्याला ही दोन्ही औषधे जाऊन चिकटतात. जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या वाटेने चालत याच विचारापाशी पोचले होते. ग्राही कोणी पाहिला नव्हता. पुढची साठ-सत्तर वर्षेही कोणी पाहिला नाही. नाव आधी आले, वस्तू मागाहून आली. आणि या कथेतला सगळा घोळ आणि सगळी मौज त्यातूनच निघते.

1906 साली हेन्री डेल यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. मांजराला ॲड्रेनलीन टोचले की रक्तदाब चढतो. पण आधी अर्गट या बुरशीतून काढलेले औषध देऊन मग ॲड्रेनलीन टोचले, तर रक्तदाब उलट उतरतो! म्हणजे ॲड्रेनलीनच्या अंगी दोन्ही गुण होते. अर्गटने एक झाकला आणि दुसरा उघडा पडला. आज आपल्याला यातून दोन निरनिराळे ग्राही सहज दिसतात. त्या काळी दिसले नाहीत. अमेरिकेत वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहकारी रोझेनब्लूथ यांनी 1930 नंतरच्या काळात वेगळाच तर्क लढवला. त्यांच्या मते शरीरात दोन द्रव्ये होती, एक चेतवणारे आणि एक शमवणारे. कॅनन हे मोठे नाव. त्यांचे म्हणणे पाठ्यपुस्तकांत गेले आणि तिथे ठाण मांडून बसले. कुलूप एक, किल्ल्या दोन, असे शास्त्रज्ञ धरून चालले.

कुलपेच दोन आहेत, हे सांगणारा माणूस जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा या गावी, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत होता. रेमंड आल्क्विस्ट त्याचे नाव. तो शोधायला निघाला होता गर्भाशय सैल करणारे औषध, स्त्रियांना पाळीच्या वेळी होणाऱ्या वेदनेवर. त्यासाठी त्याने ॲड्रेनलीनची पाच-सहा भावंडे घेतली आणि प्रत्येकाचा जोर एकेका अवयवावर मोजला: रक्तवाहिन्या, गर्भाशय, आतडे, डोळ्याची बाहुली, हृदय. मग प्रत्येक अवयवासाठी या औषधांची क्रमवारी लावली, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. जितके अवयव तितक्या क्रमवाऱ्या निघायला हव्या होत्या. निघाल्या मात्र फक्त दोन! एका यादीत ॲड्रेनलीन वर आणि आयसोप्रेनलीन तळाशी. दुसरीत आयसोप्रेनलीन सर्वांच्या वर. सगळे अवयव या दोन याद्यांत विभागले गेले.

आता यांना नावे काय द्यायची? मोह स्वाभाविक होता: एकाला म्हणावे 'चेतक', दुसऱ्याला 'शामक'. पहिल्या यादीतले बहुतेक परिणाम आवळण्याचे, दुसरीतले सैल करण्याचे. पण आल्क्विस्टने आपलेच आकडे नीट पाहिले होते. आतडे सैल पडत होते, तरी ते पहिल्या यादीत बसत होते. हृदय चेतत होते, तरी ते दुसऱ्या यादीत बसत होते. चेतक-शामक म्हटले असते, तर शरीरातला सर्वांत महत्त्वाचा स्नायू पहिल्याच दिवशी नावाशी भांडला असता. म्हणून त्याने ग्रीक मुळाक्षरांतली पहिली दोन अक्षरे उचलली: आल्फा आणि बीटा. आपण 'अ' आणि 'ब' म्हणतो तशी. या नावांना अर्थ नाही, आणि हाच त्यांचा मोठा गुण. जे माहीत होते तेवढेच ती सांगतात, म्हणजे हे दोन वेगळे आहेत. काय करतात, कुठे राहतात, कसे दिसतात याविषयी ती काहीही कबूल करीत नाहीत. मला हा शास्त्रातला फार मोठा संयम वाटतो.

औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने हा निबंध परत पाठवला. अखेर 1948 साली तो शरीरक्रियाशास्त्राच्या अमेरिकन नियतकालिकात छापून आला, आणि नंतर जवळजवळ दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आल्क्विस्टने मात्र 1954 च्या एका पाठ्यपुस्तकातल्या आपल्या प्रकरणात ही विभागणी लिहून ठेवली. ते प्रकरण जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश वैद्याच्या वाचनात आले.

ब्लॅक यांच्या डोक्यात हृदयशूळाचा विचार घोळत होता. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की त्याला प्राणवायू पुरत नाही आणि छातीत कळ येते. सगळे वैद्य पुरवठा वाढवण्याच्या मागे होते. ब्लॅक म्हणाले, मागणी का कमी करू नये? ॲड्रेनलीन हृदयाला ज्या ग्राहीतून पळवते तो आल्क्विस्टच्या हिशेबाने बीटा. मग बीटाच्या कुलपात एक खोटी किल्ली घालून ठेवावी. जी बसते पण फिरत नाही, आणि खऱ्या किल्लीलाही जागा देत नाही. पहिले उपयोगी औषध 1962 साली आले, पण त्याने उंदरांत गाठी झाल्या म्हणून ते सोडून द्यावे लागले. 1964 साली प्रोप्रॅनोलॉल आले, आणि बीटा-रोधक औषधांचे युग सुरू झाले. ब्लॅक यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका अर्थहीन अक्षराच्या भरवशावर या माणसाने औषध उभे केले!

पण लवकरच एक संकट पुढे आले. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रोग्याला दिले की त्याच्या श्वासनळ्या आवळत. कारण उघड होते. श्वासनळ्या रुंद ठेवण्याचे काम ॲड्रेनलीन बीटा ग्राहींतूनच करते. ते दार बंद केले, की आधीच अरुंद झालेली नळी आणखी मिटते. याच नाण्याची दुसरी बाजू अशी: दम्यावर आयसोप्रेनलीन हुंगायला देत. त्याने श्वास मोकळा होई, पण हृदय बेफाम धावू लागे. हृदयाचा बीटा आणि फुप्फुसाचा बीटा एकच असेल तर यातून सुटका नव्हती.

1967 साली लँड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्क्विस्टचीच क्रमवारीची युक्ती पुन्हा वापरली आणि दाखवून दिले की बीटा एक नव्हे, दोन आहेत. इंग्रजी बोलणारा माणूस काका, मामा, मावसा या सगळ्यांना 'अंकल' म्हणून मोकळा होतो. कोणत्या बाजूचा, हे आपल्याकडे नावातच कळते. तोवर 'बीटा' हा असाच सरसकट अंकल होता. आता त्याचे काका आणि मामा झाले. हृदयात मुख्यतः बीटा-एक, श्वासनळ्यांत बीटा-दोन. दोनच वर्षांत, 1969 साली, इंग्लंडात साल्ब्युटामॉल बाजारात आले, बीटा-दोनला निवडून धरणारे. दम्याच्या रोग्याच्या खिशातला निळा फवारा आज आपल्या गावोगावच्या दुकानांत मिळतो, तो हाच. उलट बाजूने बीटा-एकला निवडून अडवणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी औषधे निघाली. 'निवडून' हा शब्द मात्र जपून ऐकायचा. मात्रा वाढली की निवड ढिली पडते; शिवाय हृदयातही थोडे बीटा-दोन असतातच. म्हणून या औषधांना 'हृदयापुरती' म्हणणे मला पसंत नाही. ते नाव जरुरीपेक्षा जास्त वचन देते.

आता आल्फाकडे वळू. इथे नावाची ठेच लागली ती अशी. मज्जातंतूच्या टोकावरच एक आल्फा ग्राही सापडला. नॉरॲड्रेनलीन बाहेर पडले की तोच ते धरतो आणि तंतूला सांगतो, 'पुरे आता'. घरातला हात आखडता घेणारा कारभारीच म्हणा ना! तेव्हा 1974 साली सोय म्हणून अशी विभागणी सुचवली गेली: समोरच्या पेशीवर असेल तो आल्फा-एक, तंतूच्या टोकावर असेल तो आल्फा-दोन. नाव पत्त्यावरून पडले. आपल्या आडनावांसारखेच हे. सातारकर साताऱ्याचे, हे खरे. पण सातारकरांच्या तीन पिढ्या नागपुरात गेल्या असतील तर? आल्फा-दोनचे तेच झाले. तो रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर सापडला, मेंदूत सापडला, आणि रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणांवरही सापडला. प्लेटलेट तर रक्ताबरोबर वाहत फिरणार. तिथे मज्जातंतूचे टोक कुठून आणायचे? अखेर पत्ता सोडून द्यावा लागला. कोणती औषधे त्याला धरतात यावरूनच त्याची ओळख ठरवायची, असे ठरले.

1986 साली मोठी उडी पडली. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांची प्रयोगशाळा आणि त्यांचे सहकारी यांनी बीटा-दोनच्या जनुकाची प्रत काढली आणि प्रथिनाची संपूर्ण अक्षरओळ वाचली. माणसाच्या बीटा-दोनमध्ये 413 ॲमिनो आम्ले एका माळेत ओवलेली असतात, आणि ही माळ पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाते, कापडात घातलेल्या धावदोऱ्यासारखी. चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. डोळ्यात प्रकाश टिपणारे ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन आणि हे यांचे तोंडवळे जुळत होते! भीतीचा निरोप घेणारा आणि प्रकाशाचा निरोप घेणारा, दोघे एकाच घराण्यातले. त्या घराण्यात माणसाच्या शरीरात सुमारे 800 सभासद आहेत, आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे त्यांच्यावरच काम करतात. लेफ्कोविट्झ आणि त्यांचे शिष्य ब्रायन कोबिल्का यांना 2012 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

जनुके हाती आल्यावर तरी नावांचा घोळ संपेल असे वाटले होते. उलट वाढला. प्रयोगशाळा भराभर प्रती काढू लागल्या आणि प्रत्येकजण आपल्या बाळाचे बारसे आपल्याच घरी उरकू लागला. 1990 च्या सुमारास गाईच्या मेंदूतून एक आल्फा-एक ग्राही मिळाला. त्याचे नाव ठेवले आल्फा-एक-सी. मग उंदरातून एक मिळाला. एका प्रयोगशाळेने त्याला म्हटले आल्फा-एक-ए, दुसरीने त्याच प्रथिनाला म्हटले आल्फा-एक-डी. काही वर्षे अशी गेली की निबंध वाचणाऱ्याला आधी लेखक कोण हे पाहावे लागे, मग नावाचा अर्थ लागे. शेवटी ध्यानात आले की सी म्हणून जो मिरवत होता, तोच जुन्या औषधशास्त्राला ओळखीचा ए.

अशा वेळी पंच लागतो. आंतरराष्ट्रीय औषधशास्त्र संघाने 1987 साली ग्राहींच्या नामकरणासाठी एक समिती नेमली होती. तिने 1995 साली निवाडा दिला: ए, बी आणि डी राहतील, सी हे अक्षर रद्द, आणि ते पुन्हा कोणालाही द्यायचे नाही. हा शेवटचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. रिकामी झालेली सी ही जागा दुसऱ्या कोणाला दिली असती, तर जुने निबंध वाचणारे सगळे फसले असते. म्हणून आजही यादी वाचताना बी नंतर एकदम डी येतो. छापखान्याची चूक नव्हे ती.

आज या कुटुंबात नऊ भावंडे आहेत. आल्फा-एकमध्ये ए, बी, डी; आल्फा-दोनमध्ये ए, बी, सी; आणि बीटा एक, दोन, तीन. बीटा-तीन 1989 साली जनुकातून ओळखला गेला. मूत्राशय सैल करणारे एक औषध आज त्याच्यावर चालते. मधे हृदयात बीटा-चार आहे असाही बोलबाला झाला होता. पुढे बीटा-एक मुळातच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्यात बीटा-चारचा परिणाम दिसेना. म्हणजे तो बीटा-एकच होता, वेगळ्या अंगरख्यातला. चाराचा पाट मांडला होता तो उचलून ठेवावा लागला.

समितीचा मूळ नियम साधा आहे. ग्राहीला नाव द्यायचे ते शरीरात तयार होणाऱ्या, त्याला धरणाऱ्या द्रव्यावरून. औषधावरून नव्हे, अवयवावरून नव्हे, शोधणाऱ्यावरून तर मुळीच नव्हे. ज्याचे द्रव्य अजून सापडले नाही त्याला 'अनाथ ग्राही' म्हणतात आणि तोवर नुसत्या अक्षरा-आकड्यांवर त्याची बोळवण करतात. प्रत्येक ग्राहीचे एक पान ठेवतात, आणि ते आज कोणालाही विनामूल्य पाहता येते. त्या पानावर चालू नाव असते, जनुकाचे नाव असते, शरीरातली कोणती द्रव्ये त्याला किती जोराने धरतात ते असते, कोणती औषधे त्याला चेतवतात आणि कोणती अडवतात ते आकड्यांत असते. आणि मला सर्वांत आवडते ते सदर म्हणजे 'पूर्वीची नावे'. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे जुने प्रमाणपत्र जसे जपून ठेवावे लागते, तसे हे. मिटवलेले नाव मिटत नाही. जुन्या कागदांत ते जिवंत असते, आणि कोणीतरी केव्हातरी ते कागद उघडणारच.

एका बाबतीत मात्र पंचांचेही चालले नाही. खुद्द ॲड्रेनलीनलाच अमेरिकेत एपिनेफ्रिन म्हणतात, कारण तिथे एका औषधी कंपनीने ॲड्रेनलीन हे नाव आपल्या मालासाठी नोंदवून ठेवले होते. आपल्या इकडे कुपीवर ॲड्रेनलीन असते. आपला साल्ब्युटामॉल अमेरिकेत आल्ब्युटेरॉल होतो. परदेशी मुलाकडे राहायला जाणाऱ्या दमेकरी आईवडिलांनी ही दोन्ही नावे चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवलेली बरी.

आता सुरुवातीला सोडून दिलेला धागा उचलतो. औषधांची जी आंतरराष्ट्रीय नावे जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली ठरतात, त्यांच्या शेपटात ग्राहीची खूण असते. बीटा ग्राही अडवणाऱ्या औषधांच्या शेवटी 'ओलॉल' येते: प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. असे समजा, घरातल्या आजोबांना जुना दमा आहे. छातीच्या वैद्याने निळा फवारा दिलेला आहे. डोळ्यात दाब वाढला म्हणून ते डोळ्यांच्या वैद्याकडे जातात. तो विचारतो, रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का. दम्याचे विचारायचे राहते, आणि डोळ्याच्या तक्रारीत दम्याचे काय सांगायचे म्हणून आजोबाही बोलत नाहीत. थेंबाची बाटली घरी येते. बाटलीवर लिहिलेले असते, टिमोलॉल. शेपूट ऐकलेत? हे बीटा-रोधक आहे, आणि एक-दोन असा भेद न करणारे. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, नाकाच्या अस्तरातून रक्तात जातो, आणि रक्तातून श्वासनळ्यांच्या बीटा-दोनपाशी पोचतो. एका वैद्याने जे दार उघडण्यासाठी फवारा दिला, तेच दार दुसऱ्याचा थेंब लावून घेतो. दम्याच्या रोग्यांना या थेंबांनी जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणूनच दमा असणाऱ्याला हे थेंब देऊ नयेत असा इशारा औषधाच्या माहितीत छापलेला असतो.

तेव्हा घरात दमा असेल तर डोळ्याच्या, हृदयाच्या, अर्धशिशीच्या, कोणत्याही वैद्यापुढे तो शब्द आधी उच्चारा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ओलॉलची गोळी चालू असेल तर हे वाचून ती मनानेच बंद करू नका. ती एकदम सोडली तर हृदय उसळी घेते. वैद्याला विचारून मगच काय ते करा. आणि बाटलीवरची अक्षरे फार बारीक असतात. चष्मा लावूनही लागत नसतील तर घरातल्या शाळकरी नातवाला हाक मारा आणि नावाची शेवटची दोन अक्षरे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.